जाळ्याला बांधलेले शिक्के

माझ्या बायकोचे रबराचे शिक्के मी जाळ्याला बांधले आणि तलावात सोडले. मुद्दाम नाही केलं. पण केलं मीच, दुसऱ्या कोणी नाही. ते कसं झालं आणि मग पुढं काय झालं, ते लिहून ठेवतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तिचं सातवीपर्यंत. घरात लिहायचं काम तिच्याकडे होतं. आता माझ्यावर आलं.

आमचं गाव सानगडीच्या बाजूला. गावाला लागून तलाव, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, आमची घरं. आम्ही मासोळी धरणारे लोक. बापानं डोंग्यात बसवलं तेव्हापासून मी पाण्यावर आहे. बायको अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, आणि बाईंना वेळ नसला की पोरांना भेंडीचे ठसे करून दाखवायची. भेंडी आडवी कापली, रंगात बुडवली, कागदावर टेकवली की फूल उठतं. पोरं एक-दोन ठसे उठवून पळून जायची. ही मात्र पोरं गेल्यावरही बसून राहायची आणि कागद भरून टाकायची, असं अंगणवाडीच्या बाई मला सांगायच्या. मी म्हणायचो, तिला काम कमी पडत असेल.

अंगणवाडीचं काम सुटलं तेव्हा तिचे हात रिकामे झाले. आमची एकच मुलगी, ती नागपूरला दिली आहे. तिनं आपला जुना फोन आईला दिला. त्या फोनवर हिला काही बायका भेटल्या. कोणी अमरावतीची, कोणी वर्ध्याची, कोणी तिकडं कोल्हापूरकडची. या बायका पत्त्याच्या पानाएवढी चित्रं करतात. त्यावर कागद चिकटवतात, कापड चिकटवतात, सुतळी, बटण, जे हाताशी असेल ते, आणि वरून शिक्के मारतात. मग अदलाबदली करतात. दहा बायका, एक विषय. प्रत्येकीनं नऊ पानं करायची आणि अमरावतीच्या बाईकडे पोस्टानं पाठवायची. ती बाई सगळ्यांची पानं वाटून लावते आणि प्रत्येकीला नऊ परत धाडते, दुसऱ्या नऊ जणींची एकेक. आपलं पान आपल्याला येत नाही. एवढाच खेळ. पैसा नाही, बक्षीस नाही.

हे मला पहिल्यांदा कळलं ते माझा पत्त्यांचा डाव बिघडला तेव्हा. पिंपळाखाली आम्ही चार म्हातारे बसायचो. वाटायला घेतले तर पानं भरेनात. घरी येऊन मी विचारलं, "इस्पिकचा गुलाम कोठी गेला?"

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "अमरावतीले गेला."

खरंच गेला होता. तिनं त्याच्यावर चहाच्या पाण्यात रंगवलेला पेपर चिकटवला, धानाची काडी चिरून बसवली, वर बगळ्याचा शिक्का मारला आणि पाठवून दिला. मी चिडलो. पण पिंपळाखाली ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे हसले, आणि मग वर्षभर कोणाचं काही हरवलं की ते अमरावतीला गेलं असंच म्हणायचे.

शिक्के ती चपलेच्या रबराचे करायची. इथं थोडं सांगावं लागेल. जाळं पाण्यात उभं राहावं म्हणून त्याच्या वरच्या दोरीला तरंगणारं काहीतरी बांधावं लागतं. आम्ही जुन्या रबरी चपला कापून त्याचे तुकडे बांधतो. गावात कोणाची चप्पल तुटली की आमच्या घरी आणून टाकतात, अजूनही. माझा पत्र्याचा डबा अशा तुकड्यांनी भरलेला असतो. त्यातला टाचेकडचा जाड तुकडा ती उचलायची. अर्ध्या ब्लेडनं त्यावर कोरायची. एका अंगाला चपलेच्या तळाची नक्षी, दुसऱ्या अंगाला तिचं चित्र. शाईचं पॅड साकोलीच्या दुकानातलं, एक निळं, एक जांभळं. डिंक संपला की कणकेची खळ. माझ्या फाटक्या जाळ्याचे तुकडे ती कातरून घ्यायची, रोहूचे मोठे खवले लिंबानं धुऊन छपराच्या कवेलूवर वाळवायची. पोस्टात वास सुटायला नको म्हणून तीन-तीनदा धुवायची. वाळलेला खवला उन्हात धरला की आरपार चमकतो. ते तिला फार आवडायचं.

मला त्यात काही दिसत नव्हतं. खरं तेच लिहितो. एकदा शेजारचा आला, त्यानं विचारलं की वहिनी काय करून राहिल्या. मी म्हटलं, "म्हातारी पोस्टातून पत्ते खेळते." तो हसला. ती हसली नाही. कात्री ठेवली आणि चहा टाकायला उठली.

परत आलेलं पाकीट ती कधी उघड्यावर फोडायची नाही. छपरीत, घराच्या पुढच्या ओसरीत, बाज टाकायची, तिच्यावर धुतलेली चादर, आणि नऊही पानं एका ओळीत मांडायची. मग मला हाक मारायची. "अवो, पाहा ना जरा." मी जाळं विणत असायचो. तिथूनच म्हणायचो, "पाह्यलं." ती म्हणायची, मान तं वर केली नाई, कोठून पाह्यलं. मी म्हणायचो, दिसते ना इथून. ती मग एकटीच एकेक पान उलटं करून मागचं वाचत बसायची. मागे करणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं, आणि काय काय वापरलं ते.

असं चार वर्षं चाललं असेल. मी एकदाही बाजेजवळ गेलो नाही.

दिवाळी झाली आणि नव्या अदलाबदलीचा विषय आला, पाणी. ती दोन दिवस नुसती खुशीत होती. म्हणे, त्या बायकांना नळ पाहून चित्र काढावं लागेल, माझ्या तं दारातच आहे. संक्रांतीच्या आत पानं अमरावतीला पोचायची होती. तिनं पाच केली. सहावं करायच्या आधी ताप आला. आधी वाटलं थंडीचा असेल. मग श्वास लागायला लागला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालं आहे म्हणाले. अकरा दिवस तिथं होतो.

सातव्या की आठव्या दिवशी, दुपारची गोष्ट, ती शुद्धीत होती. मी मोसंबी सोलत होतो. ती म्हणाली, "माझे चार राह्यले."

मी वर पाहिलं. सलाईनची बाटली टांगलेली होती. मला वाटलं, बाटल्या मोजून राहिली आहे. म्हटलं, "होतीन, चारही होतीन. तू पडून राय."

तिनं डोळे मिटले. माझ्याकडून हो आलं असं तिला वाटलं असेल. त्यानंतर कामाचं असं काही बोलली नाही. पाणी दे, कूस बदलून दे, एवढंच. अकराव्या दिवशी गेली.

तेरवी झाली, पाहुणे गेले, मुलगी नागपूरला गेली. घरात मी आणि कुत्रं. पाण्यावर जायला पाहिजे म्हणून जाळं काढलं तर उंदरांनी दोरी कुरतडून अर्धे तुकडे खाली पाडले होते. नवे बांधायचे. छपरीच्या कोपऱ्यात डबा होता, तो ओढला. चपलेचे तुकडे हातात आले. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डाव्यानंही धुरकट दिसतं. बोटांना खाचा लागल्या. चपलेच्या तळाला खाचा असतातच. मी खिळा चुलीत लाल केला, एकेका तुकड्याच्या मधोमध भोक पाडलं आणि दोरीत ओवत गेलो. रबर जळाल्याचा वास घरभर झाला. ती असती तर त्या वासानंच धावत आली असती आणि माझ्या हातातून तो तुकडा हिसकून घेतला असता.

त्या संध्याकाळी मी जाळं तलावात लावलं. पंधरा-वीस दिवस ते रोज पाण्यात जात होतं आणि निघत होतं. मासोळी बरी लागत होती. मला काही माहीत नव्हतं.

महिन्याच्या कार्याला मुलगी आली. आईचा फोन तिच्याकडेच होता. स्वयंपाक आटोपल्यावर ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली की अमरावतीच्या बाईंचा निरोप आहे. आई गेल्याचं त्यांना कळवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की तिची पानं आली नाहीत तरी चालेल, जी झाली असतील ती घरीच ठेवा, आठवण म्हणून. मग मुलीनं आईच्या कपड्याच्या पेटीतून बिस्किटाचा डबा काढला. त्यात पाच पानं होती, एकावर एक, मधे पातळ कागद घालून. ती म्हणाली, ही मी फ्रेम करून घेते बाबा, दोन तुमच्यासाठी, तीन मी नेते.

मी पहिल्यांदा ती पानं हातात घेतली. उजेडात नेली, डाव्या डोळ्याजवळ धरली. खाली निळ्या शाईच्या लाटा. त्यात एक मासोळी, तिच्या अंगावर खऱ्या खवल्याचा तुकडा. एका काठाला धानाची काडी, ती पाळ. आणि वरच्या कोपऱ्यात अगदी बारीक काहीतरी. मला वाटलं पाखरू आहे. मुलीला विचारलं.

"तुमी आहा बाबा," ती म्हणाली. "डोंग्यात बसून आहा. सगळ्या पानांवर आहा तुमी. तिच्या समद्याच पानांवर राहायचे."

चार वर्षं पोस्टानं मी कुठं कुठं जाऊन आलो आणि मला पत्ता नव्हता.

मी विचारलं, हे किती पाठवायचे असतात. ती म्हणाली नऊ. आता पाच आहेत म्हणजे राहिले किती, ते मला मोजावं लागलं नाही. मोसंबीची फोड हातात असल्यासारखा मी तिथंच बसून राहिलो.

मग मी म्हटलं, फ्रेम करायची नाही. ही जातील. राहिलेली चार मी करतो.

ती मग रागावली. तिचा राग आईसारखा आहे, आवाज वाढत नाही, बारीक होत जातो. म्हणाली, आईच्या हातचं आता दुसरं काय राहिलं आहे घरात? अनोळखी बायकांना वाटून टाकायचं? त्या बाई स्वतः ठेवा म्हणतात. आणि शेवटी जे बोलली ते बरोबरच होतं. "ती होती तवा एक तरी पान पाह्यलं का तुमी? आता कायले हट्ट करता?"

मी तिला आमची रीत सांगितली. ती नागपूरला राहून विसरली असेल, पण लहानपणी तिनंही पाहिली आहे. मोठं जाळं चार-सहा जणांचं मिळून लागतं. मासोळी पाळीवर आणली की तिचे सारखे ढीग करतात. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर काडी टेकवतो आणि विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस नाव घेतो. ज्याचं नाव त्याचा तो ढीग, मोठी असो बारीक असो. माझ्या बाजूच्या जाळ्यात आलेली मासोळी माझी, असं कोणी म्हणत नाही. आणि दुसरी गोष्ट. जाळं टाकून गेलेला माणूस जाळं निघायच्या आधी मेला, तरी त्याचा ढीग पाडतात. त्याचंही नाव घेतात. ढीग घरी पोचवतात. माझ्या बापाचा असा आला होता. माय रडत होती आणि रडता रडता तिनं ती मासोळी साफ केली होती.

मी म्हटलं, तुझ्या मायनं जाळं टाकलं आहे. पानं गेली नाहीत तर तिचा हिस्सा येणार नाही. तिचा हिस्सा मी बुडू देत नाही.

मुलगी रडली. मग डोळे पुसून तिनं पाचही पानांचे फोटो काढले, पुढून मागून. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. जाताना म्हणाली, शिक्के तरी जपून ठेवा. मी म्हटलं, हो.

आणि ती गेल्यावर मी शिक्के शोधायला लागलो. बिस्किटाच्या डब्यात पॅड होते, ब्लेड होतं, खवले होते. शिक्के नव्हते. पेटीत नाही, फळीवर नाही. छपरीत गेलो तर कोपऱ्यात माझा डबा होता, चपलेच्या तुकड्यांनी तोंडापर्यंत भरलेला. त्याच्या बाजूला दुसरा, तसाच, त्याच तेलाचा पत्र्याचा डबा. रिकामा. तळाला जांभळी शाई लागलेली.

 त्या दिवशी मी ओढला होता तो डबा हाच.

डोंगा घेऊन निघालो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. जाळं पाण्यात होतं. मी दोरी हातावर घेत गेलो आणि एकेक तुकडा उलटून पाहत गेलो. चप्पल, चप्पल, मग मासोळी. तिच्या पोटातून दोरी गेलेली. पुढं लाट. मग कमळाचं पान. बगळा. धानाची लोंबी. पाण्यात राहून त्यांच्यावर हिरवा लेप चढला होता. माझ्यासमोर अख्खं जाळं निघालं, पण डोंग्याचा शिक्का निघाला नाही. तिथं दोरीला नुसती गाठ होती. तो बारीक होता, भोक पाडताना कडा फार उरली नसणार, फाटून सुटला असेल. बाजूचा एक जण डोंग्यावरून ओरडला की भर दुपारी जाळं काहून काढून राहिला. मी म्हटलं, धुवायचं आहे.

घरी आणून शिक्के कापसानं पुसले. पहिल्याच कागदावर मासोळी उठवली तर तिच्या पोटात पांढरा गोल राहिला, हरभऱ्याएवढा. ते माझ्या खिळ्याचं भोक. मेण भरून पाहिलं. मेणावर शाई धरत नाही. लाटेत भोक, पानात भोक, बगळ्याच्या मानेत भोक. काही करता येण्यासारखं नव्हतं.

चार पानं करायला मला नऊ दिवस लागले. पत्त्यांच्या त्याच डावातली चार पानं घेतली, डाव तसाही गेलेलाच होता. पेपर चहात भिजवला तर फाटला. खळ पातळ झाली. धानाची काडी चिरताना बोट चिरलं. माझे हात जाडे, जाळ्याचे हात आहेत, दोरी ओढायचे. ती हे काम एका बाजूला वरण उकळत ठेवून करायची. मला ते करताना दुसरं काही सुचत नव्हतं, भाकर करायचीही आठवण राहत नव्हती. खवला चिकटवायला घेतला की तो बोटालाच चिकटायचा. त्या नऊ दिवसांत मला कळलं की ती काय करत होती. कळून आता उपयोग नव्हता.

डोंग्याचा शिक्का मी नवा कोरला. चपलेचे तुकडे मी जन्मभर कापले, पण चित्र कधी कोरलं नव्हतं. तिच्या पानावर पाहून पाहून, अर्ध्या ब्लेडनं, डोंगा काढला आणि त्यात माणूस बसवला. बरा जमला असं वाटलं. शाई लावून उठवला तर डोंग्याचं तोंड उलटीकडे. शिक्क्यात सगळं उलटं कोरावं लागतं, हे मला कोण सांगणार होतं? तिच्या पाच पानांवर डोंगा पाळीकडे येत होता. माझ्या चार पानांवर तो पाळ सोडून आत पाण्यात चालला होता. काडी दुसऱ्या काठाला लावली असती तर भागलं असतं, पण काड्या आधीच चिकटवून झाल्या होत्या आणि खळ वाळली होती. मी राहू दिलं.

पानांच्या मागे लिहायचं होतं. तिनं आपल्या पाचांवर लिहून ठेवलं होतं, नाव, गाव, आणि खाली 'रोहूचा खवला, धानाची काडी, जुनं जाळं, चपलेचा शिक्का'. मी चारांवर तिचंच नाव लिहिलं, कारण जाळं तिचं होतं. त्याखाली लिहिलं, ही चार तिच्या नवऱ्यानं केली. पाटीवर आधी लिहून पाहिलं, मग पानावर.

सानगडीच्या पोस्टात पाकीट घेऊन गेलो. आत पुठ्ठा घातला होता, ती घालायची तसा. खिडकीतल्या माणसानं पाकीट ओळखलं. म्हणाला, मावशी नाई आल्या? मी सांगितलं. त्यानं शिक्का इतक्या हळू मारला की मला वाटलं शाई उठलीच नसेल. पाकीट त्यानं पोत्यात टाकलं आणि माझा हात खिडकीवर तसाच राहिला. आता वाटलं, मुलीचं बरोबर होतं. परत मागावं. मागच्या बाईनं काका सरका म्हटलं तेव्हा सरकलो.

संक्रांत गेली. आठ-दहा दिवसांनी मुलीकडून नंबर घेऊन अमरावतीच्या बाईंचा मलाच फोन आला. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, बोलणं नीटनेटकं. पानं पोचली म्हणाल्या. दोन पानं बाजूला काढून पाहत होत्या म्हणे, आणि विचारलं, "काका, माशाच्या पोटातला तो पांढरा गोल फार सुंदर आलाय. मुद्दाम ठेवलात ना?"

मी म्हटलं, "नाई बाई. थे खिळ्याचं भोक आहे. मी तिचे शिक्के जाळ्याले बांधले होते."

  मग त्यांनी सगळं विचारून घेतलं, आणि मी सगळं सांगितलं, खिळ्यापासून. त्या म्हणाल्या की भोकाचं एक पान त्या स्वतःकडे ठेवतील, आणि बाकीच्यांना ही हकीकत सांगितली तर चालेल का. म्हटलं, सांगा. लपवण्यासारखं काय आहे. मग म्हणाल्या, पुढचा विषय धान आहे, तुमचं नाव लिहू का? मी म्हटलं, मले नाई जमत. त्या म्हणाल्या, बरं.

हिस्सा आला तो दुपारी. पोस्टमननं पाकिटावरचं तिचं नाव वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मी छपरीत बाज टाकली. चादर धुतलेली नव्हती, तर आधी चादर धुतली, वाळेपर्यंत थांबलो. मग पाकीट फोडलं आणि नऊ पानं एका ओळीत मांडली.

एकावर चमकीच्या कागदाचा नळ होता आणि त्याला डिंकाचा थेंब लोंबत होता. एकीनं साडीच्या काठाची घागर केली होती. एकीनं निळ्या दोऱ्यानं नदी शिवली होती, गावांच्या जागी मणी. एक पान नुसतं निळं होतं, त्यावर फुटल्यासारखे पांढरे ठिपके, चित्र काहीच नाही. मागे लिहिलं होतं, 'निळी शाई, मीठ'. मिठानं असं होतं हे मला खरं वाटेना. जिभेला लावून पाहिलं. खारट होतं.

मी एकेक पान पाहिलं. डाव्या डोळ्याजवळ धरून, पुढून, मग मागून. अक्षर लावून लावून नाव वाचलं, गाव वाचलं, काय काय वापरलं ते वाचलं. ऊन छपरीतून सरकत सरकत अंगणात गेलं तोवर वाचत होतो. सगळं झाल्यावर माझ्या तोंडून निघालं, "पाह्यलं." कुत्र्यानं मान वर केली.

मेलेल्याचा हिस्सा घरात ठेवायचा नसतो, त्याच दिवशी शिजवून संपवायचा असतो. माझ्या मायनं तसं केलं होतं. ही पानं तर शिजवता येत नाहीत. ती मी बिस्किटाच्या डब्यात ठेवली, मधे पातळ कागद घालून. मुलगी आली की तिला देईन. मिठाचं एक मी ठेवीन.

डोंग्याचा शिक्का अजून सापडला नाही. रबर बुडत नाही. म्हणजे तो कुठं ना कुठं काठाला लागलेला असणार, बेशरमाच्या झुडपात नाहीतर शेवाळात. मी रोज सकाळी पाळीनं चालतो आणि काठीनं शेवाळ बाजूला सारून पाहतो. लोक विचारतात काय हरवलं. मी सुरुवातीला म्हटलं, चपलेचा तुकडा. ते ऐकून एक जण म्हणाला की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, दुसरा म्हणाला की अमरावतीले गेला असंन पाहा. जुनी गोष्ट त्याच्या तोंडात होती, वाईट हेतू नव्हता. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि तो खाली पाहत निघून गेला.

परवा तोच माणूस माझ्या दारात आला. हातात एक चप्पल, डाव्या पायाची, पट्टा तुटलेली, शेवाळानं माखलेली. म्हणाला, "घ्या भाऊ. पल्याडच्या काठाले लागली होती. तुमचीच असंन."

माझी नव्हती. मी घेतली. धुतली, उन्हात ठेवली. टाचेकडे चांगलं जाड रबर आहे.